नदीपलीकडचे पुणे : येरवड्याची छायाचित्रे आणि वाढत्या शहराचा पुरावा

पुणेरी बोलण्यात काही नावे आता गावाची राहिलेली नाहीत. "याला येरवड्याला पाठवा," असे कोणी म्हणाले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येरवडा नावाचे गाव उभे राहत नाही. बोलणाऱ्याच्या रोखाप्रमाणे त्याला तुरुंग दिसतो, नाहीतर मनोरुग्णालय दिसते. वास्तविक येरवडा हे मुळा-मुठेच्या उत्तर काठचे गाव. तिथे शेते होती, देवळे होती, माणसांची नांदती घरे होती. पुढे तिथे कामकऱ्यांच्या वस्त्या झाल्या, बाजार झाले, शाळा झाल्या, आणि अलीकडे काचेच्या भिंतींची कार्यालयेही झाली. पण शहराच्या मनातले चित्र दोन मोठ्या फाटकांपाशी थांबले ते थांबलेच. असे का झाले, याचा विचार करताना छायाचित्रांचा इतिहास उपयोगी पडतो, आणि तोच आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

महानगराच्या वाढत्या उपनगरांचे छायाचित्रण, असे म्हटले की हा हौशी कलावंतांचा प्रांत आहे असे काहींना वाटेल. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. शहराचा काठ पुढे सरकत असताना त्याचे चित्र कोणी घेतले? कोणत्या कामासाठी घेतले? आणि जे घेतलेच गेले नाही, त्याची किंमत कोणाला मोजावी लागली? येरवडा हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. कारण तिथल्या काही जागांची छायाचित्रे जगभर गेली, आणि त्यांच्या शेजारची वस्ती मात्र बराच काळ कोणाच्या भिंगात आली नाही.

प्रथम सनावळी पाहू. नदीवरचा बंधारा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या मोठ्या देणगीतून १८५० च्या सुमारास पुरा झाला. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेचा वंश पुढे डेक्कन कॉलेज या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि १८६८ साली ते कॉलेज येरवड्याच्या बाजूच्या नव्या दगडी इमारतीत गेले. १८६९ साली फिट्झजेराल्ड पूल झाला. त्यालाच आपण बंडगार्डनचा जुना पूल म्हणतो. १८७१ साली मध्यवर्ती तुरुंग उभा राहिला, आणि १८९२ साली आगाखान महाल. म्हणजे चाळीसएक वर्षांच्या आत नदीपलीकडच्या या माळावर सरकारने आणि श्रीमंतांनी आपली सारी भारदस्त बांधकामे मांडली. जे शहराला हवे, पण जवळ नको, ते नदीपलीकडे गेले. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती अशी.

गंमत अशी, की याच चाळीस वर्षांत छायाचित्रणाची कलाही मुंबई इलाख्यात रुजत होती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडच्या आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक. १८५५ साली कॅप्टन थॉमस बिग्ज यांची पश्चिम हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी सरकारने नेमणूक केली. कॅमेरा या देशात आला तो आरंभापासूनच सरकारी कामाला जुंपला गेला, आणि त्याचे पहिले काम दगडांच्या इमारतींची चित्रे घेणे हे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यात नुसता राज्यकर्त्यांचा कल नव्हता, तंत्राचीही अडचण होती. त्या काळची रीत ओल्या काचेची. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव पसरायचा, ती काच रुप्याच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. हे सारे दहापंधरा मिनिटांत उरकावे लागे. पुण्याच्या उन्हाळ्यात तर काच त्याहून लवकर वाळायची. तंबू, काचा, बाटल्या, पाण्याच्या घागरी आणि त्या वाहणारी माणसे, असा लवाजमा बरोबर घ्यावा लागे. प्रकाश काचेवर काही सेकंद पडू द्यावा लागे. तेवढ्यात जो हलला तो चित्रात धूसर झाला किंवा नाहीसाच झाला. अशा वेळी छायाचित्रकार काय निवडणार? जे हलत नाही, जे भव्य आहे आणि ज्याच्या प्रती विकल्या जातील, तेच निवडणार. पूल हलत नाही. बंधाऱ्यामागे तुंबलेले पाणी आरशासारखे स्थिर असते, आणि त्यात कमानींचे प्रतिबिंब पडते. बंडगार्डन हे छायाचित्रकारांचे आवडते ठिकाण झाले ते यामुळे, आणि पुढे तेच दृश्य पोस्टकार्डांवर छापून घरोघर गेले.

या चित्रांत येरवडा कुठे आहे? बहुतेक चित्रे पुण्याच्या काठावरून घेतलेली असत. त्यामुळे येरवडा मागच्या झाडांच्या रांगेत, क्षितिजाच्या रेघेत असतो. जी माणसे नदी ओलांडून कामाला येत, ज्यांनी पुलाचे दगड घडवले, ती हलती होती, म्हणून काचेवर उमटली नाहीत. त्यांच्या घरांसाठी कोणी पैसे मोजले नव्हते, म्हणून तंबू त्यांच्या दारात गेला नाही. कोणी मुद्दाम कट करून येरवड्याला चित्रातून वगळले, असे मी म्हणत नाही. काच, ऊन, पैसा आणि सत्ता यांनी मिळून काम केले, आणि परिणाम तोच झाला.

त्यानंतर आला वृत्तपत्रांचा कॅमेरा. येरवड्याच्या तुरुंगाने इतिहास पाहिला आहे, तो कोणी नाकारणार नाही. लोकमान्य टिळक विद्यार्थी म्हणून डेक्कन कॉलेजात होते, आणि १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेतला काही काळ त्यांनी त्याच परिसरातल्या तुरुंगात काढला. दामोदर चाफेकरांना १८९८ साली इथेच फाशी झाली. गांधीजी १९२२ ते १९२४, पुन्हा १९३० आणि १९३२ साली इथे बंदिवान होते, आणि या जागेला ते येरवडा मंदिर म्हणत. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्या दिवशीचे तुरुंगापाशी घेतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सर तेजबहादूर सप्रू आणि बॅरिस्टर जयकर यांचे छायाचित्र आजही पुस्तकांतून छापले जाते. ८ मे १९३३ रोजी गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले, आणि सुटका झाल्यावर ते येरवड्याच्या टेकडीवर लेडी ठाकरसी यांच्या पर्णकुटीत राहिले. १९४२ साली आगाखान महालाचाच तुरुंग झाला. तिथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांचे निधन झाले.

या साऱ्या प्रसंगांच्या वेळी देशाचे डोळे येरवड्याकडे लागले होते. वार्ताहर आले, छायाचित्रकार आले. पण ते ज्या फाटकाकडे तोंड करून उभे राहिले, त्याच्या उलट दिशेला जे गाव होते त्याच्याकडे त्यांची पाठ होती. ज्या करारात अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या राजकीय हक्कांचा प्रश्न होता, त्या कराराच्या जागेपासून थोड्या अंतरावर दलित आणि कष्टकरी माणसे कशा घरांत राहत होती, हे पाहण्याची बुद्धी कॅमेऱ्याला झाली नाही. बातमी फाटकात होती. इतिहास मात्र दोन्ही बाजूंना होता.

हा दोष काही आपल्या एकट्यांचा नाही. पॅरिस शहराने १८६० नंतरच्या दशकात शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराकडून जुन्या गल्ल्यांची शेकडो चित्रे काढून घेतली, कारण मोठे रस्ते काढण्यासाठी त्या पाडावयाच्या होत्या. ग्लासगो शहरात टॉमस ॲनन यांनी १८६८ ते १८७१ या काळात दाट वस्तीतल्या बोळांची छायाचित्रे घेतली. तीही शहर सुधारणेच्या मंडळासाठीच, म्हणजे पाडकामाच्या आधीची नोंद म्हणून. गरिबाच्या घराचे चित्र प्रथम निघाले ते त्या घरावर कुदळ पडायच्या वेळी! पॅरिसच्याच युजीन आत्झे याने मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी आपला जड कॅमेरा खांद्यावर घेऊन शहराच्या तटाबाहेरची पट्टी गाठली. लष्करी कारणासाठी तिथे बांधकामाला मनाई होती. म्हणून तिथे चिंध्या गोळा करणाऱ्यांच्या झोपड्या आणि गाड्या होत्या. आत्झेने त्या माणसांना त्यांच्या दारात उभे करून चित्रे घेतली. तट आज नाही, ती पट्टीही नाही. त्या जागेवरून मोठा वळणरस्ता गेला आहे. पण तिथे माणसे राहत होती, हे आत्झेच्या काचा आजही सांगतात.

आता पुण्याकडे वळू. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. शहराची आणि उपनगराची अशा दोन नगरपालिका एक झाल्या, भोवतालची गावे आत आली, आणि येरवडा पुणे शहराचा भाग झाला. १९५१ च्या जनगणनेत महानगरपालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती एकतीस लाखांवर गेली. साठ वर्षांत सहापट! ही वाढ जुन्या पेठांत झाली नाही. पेठांत तेवढी जागाच नव्हती. ती काठावर झाली, म्हणजे येरवड्यासारख्या ठिकाणी झाली.

या वाढीकडे लक्ष देणारे विद्वान पुण्यात होते. प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. संस्थेने तेवढ्यावर न थांबता पुन्हा पाहणी केली, आणि सोवनी, आपटे व पेंडसे यांचा तो ग्रंथ १९५६ मध्ये निघाला. पुन्हा पाहणी करण्यातले मर्म असे, की तोच प्रश्न काही वर्षांनी पुन्हा विचारला तरच बदल मोजता येतो. एकदाच मोजलेला आकडा मुका असतो. १९५६ सालीच दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रकरणात त्यांनी पुण्याच्या काठावरच्या आपल्या घराभोवती दिसणारी माणसे, त्यांच्या पालांतले जीवन आणि त्यांची दैवते यांच्या निरीक्षणातून प्राचीन समाजाचा माग काढला. शहराची कड हा इतिहासाचा उघडा ग्रंथ आहे, असे त्यांनी करून दाखवले.

आणि खुद्द येरवड्यात, डेक्कन कॉलेजच्या आवारात काय चालले होते? १९३४ साली बंद पडलेले कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, आणि डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. इरावती कर्वे तिथे रुजू झाले. पुरातत्त्वाच्या शिस्तीचा एक भाग छायाचित्राचा असतो. खड्ड्यात उतरलेला अभ्यासक उगाच चित्र काढत नाही. तो शेजारी मोजपट्टी ठेवतो, उत्तर दिशा दाखवणारा बाण ठेवतो, थराचा क्रमांक आणि तारीख लिहितो. कारण उकरलेला थर पुन्हा जसाच्या तसा दिसणार नाही, हे त्याला ठाऊक असते. या संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यातल्या इनामगावी उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुडामातीच्या घरांच्या जमिनी, चुली, रांजण, मेढींची भोके, सारे मोजून, दिशा लिहून, चित्रांत उतरवले. त्या घरांत कोण राहत होते, कोणते धान्य खात होते, हे आज आपण बऱ्याच निश्चितीने सांगू शकतो.

याच काळात कॉलेजपासून फार दूर नसलेल्या माळांवर आणि नाल्यांच्या काठी पत्र्याची, कुडाची, विटांची घरे उभी राहत होती. वडार वस्ती हे नावच पाहा. ज्यांनी दगड फोडून रस्ते आणि इमारती घडवल्या, त्यांच्या जातीचे नाव वस्तीला पडले. नागपूर चाळ, यशवंतनगर, नेताजीनगर, भाटनगर अशी नावे वाढत गेली. दुष्काळाने, कामाच्या शोधाने किंवा जुन्या शहरातली जागा सुटल्याने माणसे येत गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली, तेव्हा हजारो कुटुंबांनी नदीकाठचे घर गमावले आणि शहराला बाहेरच्या अंगाला नव्या वसाहती कराव्या लागल्या. पुराची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत : वाहून गेलेले पूल, चिखलात रुतलेले वाडे. पण त्यानंतर नव्या जागी पहिली चूल कशी पेटली, पहिली भिंत कशी उभी राहिली, याची चित्रे त्या मानाने किती थोडी! मोडण्याचा क्षण कॅमेऱ्याला दिसतो, घडण्याची वर्षे दिसत नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घराच्या मेढींची भोके आपण मोजली, आणि शेजारी नव्याने रोवल्या जाणाऱ्या मेढी तशाच सोडल्या.

येथपर्यंत मी स्मृतीविषयी बोललो. पण चित्र नसण्याचे नुकसान स्मृतीपुरतेच राहत नाही, ते घरापर्यंत पोहोचते.

महाराष्ट्राचा झोपडपट्टी सुधारणेचा कायदा १९७१ सालचा. ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात गणना झाली, आणि राहणाऱ्यांना छायाचित्र लावलेली ओळखपत्रे देण्यात आली. त्यातून 'फोटोपास' हा शब्द आपल्या भाषेत रुळला. पुण्याच्या वस्त्यांतही तो घरोघर माहीत आहे. पुढे २००१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन या फोटोपासला कायद्याचे स्थान मिळाले. १ जानेवारी १९९५ पूर्वीपासून जी झोपडी होती तिला संरक्षण, अशी ती तरतूद. २०१४ साली ही मर्यादा १ जानेवारी २००० पर्यंत वाढवण्यात आली.

आता या तरतुदीचा अर्थ एखाद्या बाईच्या दृष्टीने पाहा. ती नवऱ्याबरोबर त्या माळावर आली, हाताने भिंत लिंपली, मुले तिथेच वाढवली. ती कधी आली हे शेजारणीला ठाऊक आहे. पण कायदा शेजारणीची आठवण पुरी मानत नाही, तो कागद मागतो. शिधापत्रिका, मतदारयादीतले नाव, विजेचे बिल, आणि छायाचित्र. ज्याच्यापाशी मर्यादेच्या तारखेपूर्वीचा कागद आहे, तो रहिवासी. ज्याच्यापाशी नाही, तो त्याच गल्लीत तितकीच वर्षे राहिला असला तरी अतिक्रमण करणारा ठरू शकतो. पुलाच्या चित्रावर तारीख नसली तर पूल कोसळत नाही. झोपडीच्या बाबतीत मात्र तारखेवर छप्पर टिकते. ज्या माणसांना शंभर वर्षे कोणी चित्रात घेतले नाही, त्यांच्याकडेच अखेर चित्राचा पुरावा मागितला जावा, हा या इतिहासातला मोठा विपर्यास आहे.

याच येरवड्यात पुढे एक वेगळा प्रयोग झाला, त्याचा उल्लेख केला पाहिजे. केंद्र सरकारच्या २००५ साली सुरू झालेल्या नागरी पुनरुत्थान योजनेखाली, २००९ च्या सुमारास नेताजीनगर आणि इतर काही वस्त्यांत, माणसांना दूर न हलवता जिथल्या तिथे पक्की घरे बांधून देण्याचे काम हाती घेतले गेले. स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन या वस्तीतल्या स्त्रियांच्या संघटनेने पुढाकार घेतला. पुण्याचे वास्तुशिल्पी प्रसन्न देसाई आणि परदेशातले फिलिपे बालेस्त्रा व सारा योरान्सन यांनी घरांचे नमुने तयार केले. घर साधारण २७० चौरस फुटांचे, आणि खर्चाचा दहावा भाग राहणाऱ्याचा. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक घराची पाहणी झाली. कोणते घर कच्चे, कोणते आधीच पक्के, गल्लीची वाट किती रुंद, शेजार कोणाचा, हे सारे नोंदवावे लागले, आणि त्या नोंदीत वस्तीतल्याच बायकांचा हात होता. पक्की घरे तशीच ठेवली, कच्ची तेवढी पाडून त्या जागी बांधली. म्हणजे गल्ली जशी घडली होती, तशीच ती टिकवायचा प्रयत्न झाला.

मला इथे घरांपेक्षाही ती पाहणी महत्त्वाची वाटते. वरवर पाहणाऱ्याला वस्ती म्हणजे पत्र्यांचा एक ढीग दिसतो. घरोघर जाऊन पाहिले की तिच्यात क्रम दिसतो : हे घर आधीचे, ते नंतरचे, इथे भिंत वाढवली, तिथे मुलाच्या लग्नानंतर माडी चढवली. पुरातत्त्वज्ञ थर वाचतो तसे हे वाचावे लागते, आणि ते वाचायला तिथे राहणाऱ्याइतका जाणता दुसरा कोणी नसतो.

कोणी म्हणेल, आता या साऱ्याची गरज काय? आकाशातून सारे दिसते. खरे आहे. जुलै १९७२ मध्ये अमेरिकेने लँडसॅट हा उपग्रह सोडला, आणि तेव्हापासून त्या मालिकेतले उपग्रह पृथ्वीची चित्रे घेत आहेत. २००८ सालापासून तो सारा संग्रह कोणालाही फुकट पाहता येतो. पुण्याची १९७० नंतरच्या दशकातली आणि आजची चित्रे शेजारी ठेवली, तर हिरवा रंग मागे हटत गेलेला आणि करडा रंग नगर रस्त्याने, आळंदी रस्त्याने पुढे सरकलेला दिसतो. नगररचनाकाराला हे अमोल आहे. पण पहिल्या लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर सुमारे ऐंशी मीटरचा असे. तेवढ्या एका ठिपक्यात एक गल्ली संपूर्ण बुडते. आजचे उपग्रह पुष्कळ बारीक पाहतात, पण तेही पाहतात ती छपरे. छपराखाली कोण आहे, ते कुठून आले, भिंत कोणी बांधली, हे वरून दिसत नाही. चित्र दारात उभे राहून घेतलेलेच लागते.

अशी दारातली चित्रे आहेत का? आहेत, आणि हीच आशेची गोष्ट आहे. ती कुठल्या संग्रहालयात नाहीत, लोकांच्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत. १९८० नंतरच्या वर्षांत स्वस्त रंगीत छायाचित्रे घरोघर आली, तेव्हा माणसांनी बारसे, लग्न, सत्यनारायण आणि नव्या घराची वास्तुशांत यांची चित्रे काढून घेतली. त्यांना नवरानवरी दाखवायची होती. पण त्यांच्या मागे कच्चा रस्ता आहे, नळकोंडाळे आहे, विजेचा पहिला खांब आहे, दूरवर अजून मोकळी टेकडी आहे. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे बसून काढलेल्या जुन्या चित्रात हे मिळत नाही. दारासमोर मांडव घालून काढलेल्या चित्रात मिळते.

आणखी एक साधन आपल्या परंपरेनेच तयार ठेवले आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी दिघी, विश्रांतवाडी या वाटेने पुण्यात येते. त्या वाटेवर कितीतरी वर्षे लोक चित्रे घेत आले आहेत. वाट तीच, महिना तोच, पालखी तीच. गाडगिळांच्या पाहणीत जे तत्त्व होते, तेच इथे आपोआप साधले आहे. पालखीवरून नजर थोडी बाजूला नेऊन मागे पाहिले, तर शेताच्या जागी चाळ, चाळीच्या जागी दुमजली इमारत, तिच्या जागी बारा मजले, असा वाढत्या पुण्याचा इतिहास वर्षवार लागत जाईल.

पण ही चित्रे नाश पावत आहेत. त्या काळच्या रंगीत कागदावरचे रंग टिकाऊ नव्हते. निळा-हिरवा आधी उडाला, आणि पुष्कळ चित्रे आता तांबूस झाली आहेत. आजोबांच्या काळचे कृष्णधवल चित्र नातवाच्या बारशाच्या चित्राहून ताजे दिसते, ते यामुळे. पावसाळ्यात गळक्या छपराखाली अल्बमची पाने एकमेकांना चिकटतात. आज प्रत्येकाच्या हातातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे, आणि चित्रांची संख्या अगणित झाली आहे. पण चित्र एका फोनमधून दुसऱ्यात पाठवताना त्याच्यासोबतची तारखेची आणि ठिकाणाची नोंद पुष्कळदा गळून पडते. फोन बदलला की सारेच जाते. विपुलता आणि जतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. त्यांना पैसा फारसा लागत नाही, सातत्य लागते. एक जागा ठरवावी : चौक, पूल, टेकडी किंवा आपली गच्ची. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच दिशेने एक चित्र घ्यावे. गुढीपाडव्याच्या सकाळी घेतले तर तारीख चुकणार नाही. त्याची कागदावर प्रत काढावी, आणि तिच्यामागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्यात : तारीख, ठिकाण, तोंड कोणत्या दिशेला, आणि चित्रात कोण आहे. दुसऱ्याच्या दारात चित्र घेताना त्याची परवानगी घ्यावी, आणि एक प्रत त्याला द्यावी. ती प्रत म्हणजे उपकार नव्हे. तिचा त्याला कधी पुरावा म्हणून उपयोग होईल हे सांगता येत नाही. तुरुंगाच्या भिंतीकडे आणि लोहगावच्या हवाई दलाच्या तळाकडे कॅमेरा वळवायला मनाई आहे, हे पाळावे. पाहण्यासारखे त्या दोहोंच्या मध्ये पुष्कळ आहे. शाळांनी आणि वाचनालयांनी आपापल्या भागाची एकेक पेटी ठेवली, जुन्या चित्रांच्या प्रती काढून मूळ चित्रे मालकाला परत दिली, आणि म्हाताऱ्या माणसांना बसवून 'ही कोणती जागा?' एवढे विचारून घेतले, तरी दहा वर्षांत एक संग्रह उभा राहील.

हे काम येरवड्यात उशिरा का होईना करता येईल. पण जिथे ते वेळेवर करता येईल अशा जागा आज दुसऱ्या आहेत. शहराची हद्द थांबलेली नाही. १९९७ साली महानगरपालिकेत अडतीस गावे घेतली गेली आणि नंतर त्यांतली काही वगळली. २०१७ साली अकरा गावे आली. त्यांत लोहगाव होते. २०२१ साली आणखी तेवीस आली. त्यांत वाघोली होती. १९५० साली येरवडा जिथे उभा होता, तिथे आज ही गावे उभी आहेत. तिथल्या काही शेतांत आज बाजरी आहे, काहींत खडी आणि सळया पडल्या आहेत, आणि बांधकामावर आलेल्या मजुरांनी कडेला पत्र्याच्या खोल्या घातल्या आहेत. पुढे उंच इमारतींची सुंदर चित्रे विकणारे स्वतः छापतीलच. त्याची काळजी नको. बाजरीचे शेत, बांधावरचे दैवत, विहीर, गावचा पार, आणि त्या पत्र्याच्या खोलीच्या दारात उभे असलेले कुटुंब, यांची चित्रे मात्र कोणी तरी हेतूने घेतली तरच निघतील. येत्या पाडव्याला त्यांतले एक जरी कोणी घेतले, मागे तारीख लिहिली, आणि त्या कुटुंबाच्या हाती एक प्रत दिली, तर आजच्या व्याख्यानाचे काम झाले असे मी समजेन.